मागं कढई, पुढं इलेन

इलेन पांगचा धंदाच मुळी कानांचा. बर्मिंगहॅममधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती बावीस वर्षं लोकांचे कान तपासते आणि मशीन बसवून देते. जन्मभर मोटारींच्या कारखान्यात पत्रे ठोकलेले म्हातारे तिच्याकडे येतात, सोबत वैतागलेल्या लेकी येतात, आणि प्रत्येक लेक तेच सांगते की ह्यांचा टीव्ही तीन घरं पलीकडे ऐकू येतो. इलेन त्या म्हाताऱ्यांशी गोड बोलते, दम धरते, दोन-तीन भेटींत पटवते. आजवर तिच्या खुर्चीतून मशीन न घेता उठून गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि घरी तिचे स्वतःचे बाबा ठार बहिरे व्हायला आले होते आणि त्यांच्यापुढं तिची डाळ शिजत नव्हती.

बाबा, म्हणजे पांग युक-मिंग, वय बहात्तर. शहराच्या दक्षिणेला, बस जिथं वळसा घालून परत फिरते तिथं त्यांचा ‘हॅपी रिव्हर’ नावाचा चायनीज टेकअवे आहे. आसपास रिव्हर कुठं नाही, आणि हॅपीचं म्हणाल तर इलेनला विचारा. पुढं एक काउंटर, भिंतीला टेकलेलं बाक, जेवण घेऊन जाणाऱ्यांनी तिथं बसायचं. मागं एक खिडकी, खिडकीपलीकडं स्वयंपाकघर, आणि तिथं एकोणीसशे एक्याऐंशीपासून बाबा कढईपुढं उभे. डोक्यावर धूर खेचणारा भलामोठा पंखा. तो पंखा असा घोंघावतो की त्याच्याखाली दोन माणसांना बोलायचं तर ओरडावंच लागतं. चव्वेचाळीस वर्षं ओरडायची सवय झाल्यावर माणूस घरीही ओरडूनच बोलतो. बाबा ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजाऱ्यांना भांडण लागलं असं वाटायचं.

तसं या घरात बापानं केलेलं काम लेकानं करायचं नाही, हा नियमच. इलेनचे आजोबा हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या खेड्यातून बोटीनं आले ते लिव्हरपूलला एका चुलतभावाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते त्यांच्या हातांवर. नाणं टाकून कपडे धुवायची मशिनं रस्त्यारस्त्यावर आली, लॉन्ड्री बसली, तशी त्यांनी पंधरा वर्षांच्या युक-मिंगला बोलावून घेतलं आणि बजावलं, काहीही कर, इस्त्रीला हात लावू नकोस. युक-मिंगनं कढईला हात लावला. पुढं त्याला दोन मुलं झाली तेव्हा त्यानंही तेच बजावलं, फक्त इस्त्रीच्या जागी कढई आली. धाकटा डेरेक ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचं इंजिनिअरिंग करतो आणि ख्रिसमसला येऊन ‘सगळं ठीक ना’ विचारून जातो. थोरली इलेन कानांची झाली. इलेनचा मुलगा इथन घरी बसून कॉम्प्युटरवर कसलंसं काम करतो, ज्याला त्याचे आजोबा काम मानायलाच तयार नाहीत. त्यांच्या मते तो अजून नोकरी शोधतोय.

तर, मार्चमध्ये काय झालं ते ऐका. दुपारी तीनची वेळ, दुकान उघडायला दोन तास अवकाश. आई घाऊक बाजारातून माल आणायला गेलेली. बाबांनी तळणाचं तेल तापत ठेवलं आणि बाकावर येऊन चिनी पेपर उघडला. तेल तापलं, धुरावलं, आणि छताला लावलेला अलार्म कोकलायला लागला. त्यांच्या डोक्यापासून चार हातांवर. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातली पोरगी धावत आली, तेव्हा बाबा पान उलटत होते. तिच्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर बघून त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि पाच वाजता उघडतो म्हणाले.

इलेनला हे कळलं ते आठवड्यानं, आणि तेही त्या पोरीकडून. आई काही बोलली नव्हती. आईचं नाव सौ-लान, वय एकोणसत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि तोंडून कुठलीही गोष्ट सरळ बाहेर पडायची नाही. ‘तुझ्या बाबांना विचार’ एवढंच ठरलेलं उत्तर. आता बाबांना विचारायचं म्हणजे रस्त्यावरच्या पोस्टाच्या पेटीला विचारण्यासारखं होतं.

आणि नेमका याच सप्टेंबरात दुकानाच्या जागेचा करार संपत होता. मालकानं पत्र पाठवलं होतं, आणखी पाच वर्षांसाठी हवा असेल तर कळवा. बाबांना हवा होता. पाच वर्षं म्हणजे सत्त्याहत्तर! इलेनला वाटायचं, या माणसाला हलवून विचारावं की अहो, तुम्हाला मरायचं आहे का त्या कढईपुढं? एकदा विचारलंही. बाबांना वाटलं ती भात उरलाय का म्हणून विचारतेय. म्हणाले, आहे की, डबा भरून ने.

दुकानाचे सगळे फोन इलेनच करायची. ती नऊ वर्षांची असल्यापासून गॅसवाला, कौन्सिल, मालक, टॅक्सचा माणूस, सगळ्यांशी तीच बोलत आली होती. शाळेचा युनिफॉर्म घालून काउंटरवर उभी राहायची, एका बाजूला गणिताची वही, दुसऱ्या बाजूला फोन. तेव्हा बाबा सांगायचे ते ती इंग्रजीत बोलायची. आताही बाबांनी सांगितलं, मालकाला फोन कर, हो म्हणून सांग. इलेननं मान डोलावली आणि फोन केलाच नाही. तीन आठवडे झाले. बाबा विचारायचे, केलास? ती म्हणायची, उचलत नाही. बापाशी एवढं सरळसोट खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि तिला त्याची मनस्वी चीड येत होती, स्वतःचीही आणि त्यांचीही.

तिचा हिशेब साधा होता. एकदा का कान तपासले गेले, कागदावर आलेख आला, की बाबांना पटेल. मग स्वयंपाकघर बंद. पण स्वतःच्या माणसाची तपासणी स्वतः करायची नाही, असा डिपार्टमेंटचा दंडक. तिनं वैजयंतीला गाठलं. वैजयंती पुण्याची, इलेनच्या शेजारच्या खोलीत बसायची, आणि दुपारी डबा खाताना दोघी एकमेकींच्या घरच्या म्हाताऱ्यांबद्दल पोटभर तक्रार करायच्या.

“दे पाठवून माझ्याकडे,” वैजयंती म्हणाली. “माझ्या सासऱ्यांना मी सहा महिने सांगत होते, ढिम्म हलले नाहीत. तू दहा मिनिटं सांगितलंस तर दुसऱ्या दिवशी मशीन घालून बागेत फिरायला गेले. घरच्या सुनेला काय कळतं!”

“बाबा नाटकं करतील.”

“करू दे. नाटकं बघायचाच पगार घेतो आपण.”

बाबा आले. कोट घालून आले, आईनं इस्त्री करून दिलेला शर्ट घालून आले. हॉस्पिटलचा दुभाषा नको म्हणाले, परक्यापुढं कशाला. म्हणून इलेन खोलीच्या कोपऱ्यात बसली. वैजयंतीनं त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं, इलेननं ओरडून समजावलं. बाबांनी मान हलवली.

पाच मिनिटांनी वैजयंतीनं कपाळाला आठ्या घातल्या. “इलेन, तुझ्या बाबांचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत.”

“शक्यच नाही.”

वैजयंतीनं आवाज सोडायचं थांबवलं. नुसती गप्प बसून राहिली. बाबांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. मग वैजयंतीनं सहज खांदा हलवला, आणि त्यांनी लगेच दाबलं. आवाज सोडताना तिचा खांदा हलायचा, काचेतून ते त्या खांद्यावर नजर ठेवून बसले होते, आणि खांदा हलला नाही तर साधारण अंदाजानं दाबत होते.

इलेन उठून त्या खोलीत गेली आणि हेडफोन काढून घेतला. “बाबा, आवाज येतोय का तुम्हाला?”

“कधी येतो, कधी नाही.”

“मग दाबता कशाला?”

“ती बाई वाट बघत बसलीय,” बाबा ओरडून म्हणाले. “किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला?”

“ती गिऱ्हाईक नाही बाबा.”

“मग कोण आहे?”

हजारो लोक तपासले इलेननं. खोटं बोलणारे बघितले, झोपी जाणारे बघितले, पण तपासणाऱ्याचा खोळंबा नको म्हणून ऐकू आल्याचं दाखवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला. वैजयंतीला हसू आवरेना. इलेनला रडावं की हसावं कळेना आणि तिनं दोन्ही केलं नाही, बाबांना उठवून त्यांची खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली.

खरा आलेख आला तो वैजयंतीनं इलेनच्या हातात दिला. खालचे जाड आवाज थोडेफार शिल्लक होते, पुढं रेघ सरळ खाली गेली होती. असल्या कानांना अलार्म ऐकू येत नाही, पाखरं ऐकू येत नाहीत, बायकापोरांचं बोलणं तर पार निम्म्याहून अधिक जातं. आणि हे काल-परवाचं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांपासून हळूहळू होत आलेलं होतं, आणि घरात एक कानांची तज्ज्ञ असताना झालेलं होतं.

तरी इलेनला वाटलं, चला, आता तरी सुटलो. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा ताजेतवाने असताना, तिनं दुकानात तो कागद काउंटरवर पसरला आणि एकेक रेघ समजावून सांगितली. आई बाजूला बसून प्रॉन क्रॅकर्सच्या, म्हणजे कोळंबीच्या पापडांच्या, पिशव्यांना गाठी मारत होती. बाबांनी चष्मा लावून कागद नीट वाचला, जसा ते मेनूकार्डाचा नमुना छापखान्यातून आल्यावर वाचायचे.

“मशीन फुकट मिळतं?”

“हो.”

“मग बसव.” कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. “कानांचं काम झालं. आता मालकाला फोन कर.”

इलेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मशीन न द्यावं तर एक दिवस हा माणूस दुकानासकट जळून जाणार, आणि द्यावं तर आणखी पाच वर्षं कढईपुढं उभा राहणार, आणि दोन्हीकडून खापर तिच्याच डोक्यावर! ती ओरडली. बाबांना ऐकू यावं म्हणून नव्हे, खरंच ओरडली. आईचे गुडघे दिसत नाहीत का तुम्हाला, म्हणाली. डेरेक काय, मी काय, आम्ही शिकलो ते यासाठीच ना, म्हणाली. आई गाठी मारत राहिली. बाबा नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “दुकान बंद करून सकाळी उठायचं कशाला, ते सांग.”

मशीन बसलं. नव्यानं मशीन घालणाऱ्या सगळ्यांचं होतं तेच बाबांचं झालं: टोपातलं पाणी, पावलांचा आवाज, कागदाची चुरचुर, सगळं अंगावर यायला लागलं. पंखा तर त्यांना सहनच होईना. पहिल्या दिवशी वर बघून त्यांनी विचारलं, हा बिघडलाय का. बिघडलेला नाही, तो असाच आहे, आई म्हणाली. बाबांचा विश्वास बसेना.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी काउंटरवर कामाला ठेवलेली मुलगी आली नाही, आईच्या गुडघ्यानं संप केला, आणि हॉस्पिटलातून सुटून इलेन थेट दुकानात आली. कितीतरी वर्षांनी ती काउंटरमागं उभी होती. फोन, ऑर्डर, पिशव्या, सुटे पैसे. हातांना सगळं आठवत होतं. सातच्या सुमाराला गर्दी जरा ओसरली. मागं बाबांनी पंखा अगदी हळू करून ठेवला होता, उकाडा झाला तरी चालेल म्हणून.

दोन माणसं आली. पन्नाशीतली, पबमधून निघालेली, त्यातला एक जुनं गिऱ्हाईक. त्यानं नेहमीचं मागवलं आणि बाकावर न बसता काउंटरवर कोपरं टेकली. “आज डब्यात कुत्रं आहे की मांजर?” तो म्हणाला. “दोन्ही नको बरं का, मागच्या वेळी घशात केस अडकला.” मग नाकातून चिंगचांग असला काहीतरी आवाज काढत डोळे बोटांनी ताणले आणि दोस्ताकडं बघितलं. दोस्त हसला.

इलेनही हसली. छोटंसं, तोंडातल्या तोंडात, ठरलेलं. मग म्हणाली, “दहा मिनिटं, सर.”

हे तिनं ठरवून केलं नाही. घशातून ते हसू आपसूक बाहेर आलं, शिंक यावी तसं. हॉस्पिटलात कुणी असं बोललं असतं तर तिनं त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं असतं. पण ही जागा वेगळी होती, इथं उभं राहिलं की हसायचं, पिशवी द्यायची आणि माणूस दाराबाहेर घालवायचा. ही रीत तिला आईनं शिकवली होती, आणि काउंटरवरचं बोलणं मागं न्यायचं नाही, हीदेखील.

मागं कढईचा खणखणाट थांबला होता. इलेननं वळून पाहिलं. बाबा खिडकीत उभे होते, हातात झारा, आणि तिच्याकडं बघत होते.

ते परत वळले, ऑर्डर पुरी केली, डबे पिशवीत घालून खिडकीतून पुढं सरकवले. इलेननं पैसे घेतले. माणसं गेली. मग बाबांनी गॅस बंद केला, पंखा बंद केला आणि ते पुढं आले. दुकान उघडं असताना बाबा पुढं आलेले तिनं कधी बघितलं नव्हतं. दारावरची पाटी त्यांनी उलटी फिरवली. शुक्रवारी, सव्वासातला.

“इंग्रजीतलं कुत्रा मला कळतं,” ते म्हणाले. “मांजर कळतं. तू हसलीस.”

“असू दे बाबा. सवय आहे.”

“कधीपासून?”

इलेनला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. “मी इथं उभी राहायला लागले तेव्हापासून.”

“नऊ वर्षांची होतीस.”

“हो.”

“आईला माहीत होतं?”

इलेन काउंटरवरच्या पिशव्या नीट करू लागली. बाबा बाकावर बसले, गिऱ्हाइकं बसतात तिथं. आता ते ओरडत नव्हते. इलेनच्या ध्यानात आलं की त्यांचा साधा आवाज तिनं फारसा ऐकलेलाच नाही, बराच बारीक होता तो.

“मागं उकळतं तेल असतं,” ते म्हणाले. “सुऱ्या असतात. डेरेकला एकदा चटका बसला होता. तुला पुढं उभं केलं ते तुला काही लागू नये म्हणून.”

एवढी वर्षं तिनं मनात हेच धरलं होतं की इंग्रजी येतं म्हणून आपल्याला पुढं केलं, फोन उचलायला, पत्रं वाचायला, दुकान चालवायला. त्याचा राग तिनं नीट जपून ठेवला होता. आता तो ठेवायचा कुठं, तेच तिला कळेना.

“मालकाला नाही म्हणून सांग,” बाबा म्हणाले.

“मी त्याला अजून फोनच केलेला नाही. कितीतरी आठवडे खोटं सांगतेय तुम्हाला.”

“मग आता कर.”

तिला हेच हवं होतं. यासाठी तिनं आलेख काढून घेतला होता, भांडली होती, रात्रीच्या रात्री तळमळली होती. आणि मिळालं तर असं, त्या दारुड्याच्या तोंडून. आपल्या शिक्षणानं जे झालं नाही ते त्या माणसाच्या एका फालतू विनोदानं व्हावं!

तिनं फोन उचलला. मालकानं लगेच उचलला. पाच वाक्यांत काम झालं. ती फोन ठेवेपर्यंत बाबा तिच्या ओठांकडं बघत नव्हते, नुसते ऐकत होते.

“आणखी काय म्हणायचे?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“हे लोक. तुला. सगळं सांग.”

“कशाला बाबा?”

“पंख्याखाली तेव्हा मला ऐकू आलं नाही.”

इलेननं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की यातलं एक वाक्यसुद्धा तिला बाबांच्या भाषेत, कँटनीजमध्ये, सांगता येणार नाही. घरात बापाशी बोलायला तिच्याजवळ होती ती भाताची, कोळंबीची आणि ‘लवकर करा’ची भाषा. म्हणून तिनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायला घेतलं, नवव्या वर्षापासून, ओळीनं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. एका शब्दापाशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि अर्थ विचारला. तिनं मोडक्यातोडक्या कँटनीजमध्ये तो सांगितला. त्यांनी मान हलवली, आणि मग ती पुढचा शब्द सांगू लागली.